रोजच्याच वाटेवरचे अनोळखी पुणे

आमच्या महिला मंडळाची महिन्याची सभा होती. पुढच्या कार्यक्रमाचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे सगळ्या एकदम बोलू लागल्या. रांगोळी झाली, पाककृती स्पर्धा झाली, हळदीकुंकू झाले. आता एखादी सहल काढू या, असे कुणीतरी सुचवले. मग महाबळेश्वर की अलिबाग, बसचे भाडे किती, मुलांच्या परीक्षा कधी, अशी चर्चा रंगली. तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या काकू म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला जाता गं? आधी तुळशीबाग बघा."

सगळ्या खो खो हसलो. तुळशीबाग काय बघायची? महिन्यातून दोनदा तरी आम्ही तिथे असतोच! पोळपाट घ्या, बांगड्या घ्या, गौरीचे मुखवटे घ्या, नाहीतर नुसत्याच हिंडून या.

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुळशीबागेतला राम किती जणींनी पाहिलाय?"

चौदा जणींपैकी पाच हात वर झाले. त्यातली एक म्हणाली, "लग्न झाल्यावर सासूबाई घेऊन गेल्या होत्या, एकदाच." तिच्या लग्नाला आता बावीस वर्षे झाली आहेत!

मैत्रिणींनो, आमच्या पुणे-फेरीची सुरुवात ही अशी झाली. महाबळेश्वर मागे राहिले आणि आम्ही तीन रविवार ठरवले. सकाळी सात ते साडेनऊ, दुकाने उघडायच्या आत. घरी सांगितले तेव्हा आमचे हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "पुण्यात राहून पुणे बघायला जाणार? म्हणजे पिशव्या बरोबर असतीलच." मी पिशवी घरीच ठेवली. मुद्दाम!

पहिला रविवार : खरेदीच्या मागची देवळे

दुकाने बंद असताना तुळशीबाग तुम्ही कधी पाहिली आहे का? आम्ही पाहिली नव्हती. फळ्या लावलेल्या, रस्ता ओला, आणि नेहमी नजर भांड्यांच्या उतरंडीवर असते म्हणून कधीच न दिसलेले ते उंच शिखर! जवळजवळ १४० फूट उंच आहे म्हणतात.

हे देऊळ बांधले नारो आप्पाजी खिरे यांनी. सातारा भागातून हा मुलगा पुण्यात आला, पेशव्यांच्या पदरी कर्तबगारीने चढत गेला आणि पुण्याचा सुभेदार झाला. तुळशीची बाग होती ती जागा घेऊन त्यांनी १७६१ मध्ये रामाच्या देवळाचे काम सुरू केले. ज्या वर्षी पानिपत झाले, तेच हे वर्ष. पुढे या घराण्याला लोक तुळशीबागवालेच म्हणू लागले. म्हणजे बाग गेली, नाव उरले, आणि आता त्या नावाचा अर्थ आपल्या लेखी कानातली आणि पोळपाट-लाटणे एवढाच राहिला.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर विश्रामबागवाडा. बाजीराव रस्त्यावरून रिक्षाने जाताना त्याचा लाकडी दर्शनी भाग आपण शंभरदा पाहिलेला असतो. खाली उभे राहून मान वर केली की मगच त्या खांबांवरचे आणि छज्जाखालचे कोरीव काम दिसते. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत हा वाडा बांधला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ती ब्राह्मण मुलांसाठी होती. 'मुलांसाठी' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मग लक्ष्मी रस्त्याने आम्ही हुजूरपागेपाशी आलो. आमच्यातल्या तिघी तिथल्याच विद्यार्थिनी. पण 'हुजूरपागा' म्हणजे काय, हे त्यांतल्या एकीलाच सांगता आले. हुजूर म्हणजे पेशवे आणि पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. जिथे घोडे बांधत, तिथे मुली शिकू लागल्या! न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर या मंडळींनी १८८४ मध्ये मुलींचे हे हायस्कूल काढले. तेही सुखासुखी नाही. मुलींच्या हायस्कुलासाठी रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले, आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. बाहेर टाळ्या आणि घरात टोमणे! आमच्यातली एक वहिनी पटकन म्हणाली, "म्हणजे अजून काही बदललं नाही म्हणा की!" सगळ्या हसलो, पण एकदोघी जरा कमी हसल्या.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. महिला मंडळ ही आपली कालपरवाची हौस नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला, तेव्हाही बायका ठरलेल्या दिवशी घरातली कामे उरकून एकत्र जमतच होत्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. आपण जमतो, त्याला एवढी जुनी परंपरा आहे!

दुसरा रविवार : तांब्याचा ठोका आणि तीन सोंडांचा गणपती

दुसऱ्या खेपेला चौदाच्या एकोणीस जणी झालो. कसबा पेठ हे पुण्याचे सगळ्यांत जुने अंग. कसबा गणपतीला, जिजाऊंच्या त्या ग्रामदैवताला, आधी नमस्कार केला आणि तांबट आळीत शिरलो.

तांबट आळी शोधायला पत्ता लागत नाही, कान लागतात. पेशवाईत वसलेली ही तांबे ठोकणारांची आळी. रविवार असूनही एका घराच्या ओसरीवर काम चालले होते. तांब्याच्या गुळगुळीत भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी असा बसवायचा की सगळ्या अंगावर सारख्या खळ्यांची चमकदार नक्षी उठते. याला मठारकाम म्हणतात. ते नुसते शोभेसाठी नसते, ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडे टिकते. आपल्या आजीचा बंब, घंगाळ, हंडा हे सगळे असेच घडलेले. त्या कारागिरांच्या घरच्या बाईंनी आम्हाला पाणी दिले आणि एक घरगुती सल्लाही दिला. तांब्याचे भांडे चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ लावून घासावे, लगेच धुवावे आणि कोरडे पुसून ठेवावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, लोणचे असे आंबट काही ठेवू नये. "आधी बायका बंब घ्यायच्या, आता दिवाणखान्यात ठेवायला लहानसा नमुना घेतात," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसते सांगणे होते.

तिथून सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपती. गल्लीत वळल्यावर समोर काळ्या दगडाचे ते देऊळ पाहून आम्ही सगळ्या क्षणभर गप्पच झालो. आणि एकोणीस बायका गप्प होणे म्हणजे काय, हे सांगायला नको! भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. गणपतीला तीन सोंडा, आणि बसलाय मोरावर. बाहेरच्या भिंतीवर तर अजबच चित्र : साखळदंडांनी गेंड्याला बांधणारे गोरे शिपाई! देवळाच्या दर्शनी भागावर हे कशाला, याचे तर्क आम्ही चहा होईपर्यंत लढवत होतो. आत दोन संस्कृत शिलालेख आणि एक फारसी. एकाच भिंतीवर दोन्ही भाषा नांदताहेत. खाली तळघर आहे, त्यात पाणी असते. गोसावीबुवांची समाधी तिथे आहे आणि गुरुपौर्णिमेला ते उघडतात.

परतताना काकू म्हणाल्या, "आलोच आहोत, तर माझं माहेर दाखवते. दोन गल्ल्या सोडून."

काकूंचे माहेर म्हणजे कसब्यातला दोन चौकी वाडा. पहिल्या चौकात तुळशीवृंदावन, दुसऱ्यात आड. वाटेत त्या सांगत होत्या. दिंडी दरवाजातून वाकून जायचे. ओसरीवर आजोबांचा झोपाळा. माजघरात दिवसासुद्धा दिवा लागे. भिंतीतल्या बळदात धान्य, आणि कोनाड्यात आईच्या मिसरीची डबी, जी वडिलांना माहीत नव्हती असे आईला वाटे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा काकू दहा वर्षांच्या होत्या. पुराचे पाणी ओसरले आणि नळ कोरडे पडले. मग त्या आडावर सगळी आळी पाण्याला येई. काकूंच्या आईने रहाटाजवळ पाट मांडून पाळी लावली होती : आधी तान्ह्या मुलांच्या आया, मग म्हातारी माणसे, मग बाकीचे.

बोलता बोलता आम्ही कोपऱ्यावर वळलो. समोर पत्र्याचे कुंपण होते. वर नव्या इमारतीच्या चित्राची पाटी.

काकू दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले तेव्हा येऊन गेल्या होत्या. वाडा पाडायचे ठरले आहे हे त्यांना माहीत होते, केव्हा ते माहीत नव्हते. रखवालदार भला माणूस. त्याने पत्रा जरा सरकवला. आत नुसती सपाट जमीन, एका बाजूला रचून ठेवलेल्या जुन्या तुळया, आणि मधोमध एक काळ्या दगडांचे वर्तुळ. आड होता तो, बुजवलेला.

कुणाला काय बोलावे कळेना. मी म्हटले, "काकू, वाईट वाटलं ना हो?"

त्या म्हणाल्या, "वाडा पडला त्याचं नाही गं. भावजयीनं त्या वाड्यात किती काढलं, मला ठाऊक आहे. पावसाळ्यात सतरा ठिकाणी पातेली मांडायची. संडास दुसऱ्या चौकाच्या टोकाला. रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायचं. भाडेकरूंकडून महिन्याला येणाऱ्या भाड्यात एक कौल बदलता येत नव्हतं. आता तिला घरात नळ मिळेल, लिफ्ट मिळेल. मिळू दे." मग थांबून म्हणाल्या, "पण पाडायच्या आधी कुणी मला एकदा विचारलं असतं, की इथे काय काय होतं, तर बरं वाटलं असतं."

घरी येऊन मी पोळ्या केल्या. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

तिसरा रविवार : पाणी आणि पाटी

म्हणून तिसऱ्या रविवारी आम्ही फक्त पाण्याच्या आणि शाळेच्या जागा पाहायच्या ठरवल्या, कारण या दोन्हींशी बायकांचा जन्माचा संबंध.

बदामी हौद, काळा हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे आपण पत्ता सांगायला वापरतो. पण हे खरोखरचे हौद आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले. ना पंप, ना वीज. कात्रज उंचावर आणि शहर खाली, तेव्हा नुसत्या उतारावर पाणी मैलोगणती वाहत आले आणि पेठापेठांतल्या हौदांत पडले. मध्ये मध्ये हवा जायला उंच मनोरे ठेवले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. जणू पाण्यालाही वाटेत श्वास घ्यायला लागतो!

पण हौद सगळ्यांचा असतो का? त्याचे उत्तर महात्मा फुले पेठेतल्या फुलेवाड्यात मिळाले. साधे, बसके, कौलारू घर. अंगणात जोतीरावांची समाधी. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरच्या पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ज्या शहरात एका घोटासाठी माणसाला लांब उभे राहून दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी लागे, त्या शहरात! सावित्रीबाईंनी याच घरात अनाथ मुले सांभाळली, शाळेच्या वाटेवर शेण आणि दगड झेलले, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. आम्ही अंगणात पाच मिनिटे नुसत्या बसलो. आमच्यातली सर्वांत लहान सूनबाई हळूच म्हणाली, "हे सगळं चौथीच्या पुस्तकात होतं. पण घर एवढं लहान असेल असं वाटलं नव्हतं."

शेवटचा टप्पा भिडेवाडा, बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती इथे. विश्रामबागेत मुलांची पाठशाळा निघाली त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. आणि त्यानंतर छत्तीस वर्षांनी हुजूरपागा. या तिन्ही जागा पायी अर्ध्या तासात होतात, पण मुलींना तेवढे चालून जायला त्रेसष्ट वर्षे लागली.

आम्ही भिडेवाडा पाहिला, असे मला लिहिता येत नाही. तो आता नाही. स्मारकाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय स्मारकासाठी, मोडकळीला आलेली जुनी वास्तू उतरवण्यात आली. स्मारक व्हायलाच हवे, त्यात शंका नाही. पण खरे सांगू? दर संकष्टीला मी दगडूशेठला जात होते. रांगेत उभी राहून समोर पाहत होते. समोर पडके वाटणारे घर होते, खाली दुकाने होती. वीस वर्षांत एकदाही रस्ता ओलांडून त्या जागेला हात लावावा असे मला सुचले नाही. ज्या जागेमुळे मी आज हा लेख लिहू शकते, तिच्याकडे मी पाठ करून नारळ फोडत होते. ही चूक माझी आहे, आणि ती आता दुरुस्त होण्यातली नाही.

म्हणून आम्ही एक वही केली

त्या दिवशी तिथेच फुटपाथवर आमची सभा भरली. ठराव एकच. प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहून आणायचे : तुम्ही लहानपणी कुठल्या घरात राहत होता, पाणी कुठून भरत होता, चूल कुठे होती, शाळेत कोण पाठवत होते आणि कोण अडवत होते. पाटीवर सरदारांचे नाव असते, वाडा बांधणाऱ्याचे साल असते. पाण्याची पाळी कोणी लावली, हे पाटीवर कधीच नसते. ते फक्त काकूंना ठाऊक असते.

पहिली नोंद अर्थातच काकूंची. त्यांच्या नातवाने त्यांनी सांगितला तसा वाड्याचा नकाशा काढून दिला. त्यात मिसरीच्या डबीचा कोनाडासुद्धा आहे. काकूंनी तो चष्मा लावून दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "झोपाळा उलट्या बाजूला हवा." आता तो दुरुस्त केला आहे.

तुम्हालाही अशी फेरी काढायची असेल तर

* दहा ते पंधरा जणी पुरेत. त्याहून जास्त झाल्या की गल्लीत कुणाला काही ऐकू येत नाही.
* एका दिवसात चार ठिकाणे, त्याहून अधिक नको. दोन-अडीच तास चालणे होते. पायाला सवयीच्या चपला घाला, नव्या नकोत.
* रविवारी सकाळी लवकर निघा. दुकाने उघडली की नजर वर जात नाही आणि पायही पुढे पडत नाहीत!
* घरून निघतानाच बाथरूमला जाऊन या. जुन्या पेठांत सोय मिळेलच असे नाही. पाण्याची बाटली आणि छत्री हवीच.
* वाड्यात माणसे राहतात. दिंडीतून आत जाण्यापूर्वी विचारा, न विचारता फोटो काढू नका. चार शब्द बोललात तर बहुतेक ठिकाणी पाणी आणि माहिती दोन्ही मिळते.
* दरवेळी एकीने एका जागेची माहिती वाचून यायचे आणि पाच मिनिटांत सांगायची. पाळी सगळ्यांवर आली पाहिजे.
* पावसाळ्यात पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकाची साधने असे आपल्याच घरातले जग तिथे मांडले आहे. दिनकरराव केळकरांनी हा संग्रह जमवला तेव्हा त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना जन्मभर साथ होती.
* मंडळातली सर्वांत वयस्क सभासद बरोबर असू द्या. तिला चालवत नसेल तर रिक्षा करा. वर्गणी त्यासाठी खर्च झाली तर ती सत्कारणी लागली समजा.

आणि हे काही पुण्यापुरते नाही. नाशिकचा सरकारवाडा असो, वाईचे घाट असोत, की तुमच्या गावातली पडकी वेस. रोज ज्या बोळातून भाजी आणता, तिथे एकदा हातात पिशवी न घेता जा. आणि जाण्यापूर्वी घरातल्या आजींना, सासूबाईंना विचारा. मी विचारले तेव्हा आमच्या सासूबाई आधी म्हणाल्या, "आता काय करायचंय ते?" आणि मग रात्री साडेअकरापर्यंत सांगत होत्या.